बोर्डो मिश्रणाच्या गावाला: बोर्दोचे मळे आणि आर्काशोंचा किनारा कसा पाहावा

आमच्या निफाडकडे द्राक्षबागांच्या ऑक्टोबर छाटणीनंतर पाऊस रेंगाळला की घराघरांत एकच लगबग सुरू होते. एका ड्रममध्ये मोरचूद (कॉपर सल्फेट) विरघळवायचं, दुसऱ्यात चुना विरवायचा. शंभर लिटर पाण्याला एक किलो हे आणि एक किलो ते. दोन्ही एकत्र ओतून झालं की लोखंडी विळ्याचं पातं त्या निळ्या पाण्यात बुडवून धरायचं. पात्यावर तांबूस थर चढला तर चुना कमी पडला, अजून चुन्याची निवळी घालायची. पातं कोरं निघालं की पंप चालू. वेलींवरच्या बुरशीसाठी फवारायच्या या मिश्रणाला सगळे 'बोर्डो' म्हणतात. हे फ्रान्समधल्या एका शहराचं नाव आहे, हे मला फार उशिरा कळलं. कळल्यावर मात्र ते शहर पाहिल्याशिवाय चैन पडेना.

बोर्दोला लोक वाईनसाठी जातात आणि तिथून तासाभरावर असलेला अटलांटिकचा किनारा वेळ उरला तर पाहतात. माझं म्हणणं आहे की दोन्ही एकाच सहलीत आणि तेवढ्याच आस्थेनं पाहा. समुद्रावरून येणाऱ्या दमट हवेनं इथल्या वेलींवर रोग फोफावला, त्या रोगानं जगाला बोर्डो मिश्रण दिलं आणि त्याच समुद्रातून जहाजांनी इथली वाईन इंग्लंडला नेली. किनारा वगळला तर अर्धी गोष्ट हातातून जाते. सगळं मिळून सात दिवस काढा. पाच दिवसांतही होईल, पण मग एखादी दुपार नुसती नदीकाठी बसायला उरणार नाही.

कधी जायचं

मे-जून किंवा सप्टेंबर. मे-जूनमध्ये वेली फुलोऱ्यावर असतात, दिवस मोठा असतो, रात्री नऊनंतरही उजेड असतो. सप्टेंबरच्या मध्यापासून काढणी सुरू होते. मळ्यांत माणसं दिसतात, हवेत आंबूस-गोड वास असतो. पण याच काळात लहान मळेवाल्यांना पाहुण्यांकडे बघायला फुरसत नसते, म्हणून भेटीच्या वेळा फार आधी ठरवाव्या लागतात. जुलै-ऑगस्टमध्ये अख्खा फ्रान्स सुट्टीवर निघतो, किनाऱ्यावर पाय ठेवायला जागा नसते. हिवाळ्यात मळे उघडेबोडके असतात, पण ज्याला छाटणी बघायची आहे त्यानं जानेवारीतच जावं. मी काडी कशी ठेवतात ते बघायला पुन्हा जाणार आहे.

महिना कोणताही असो, पावसाचं जाकीट बरोबर ठेवा. अटलांटिकचा पाऊस विचारून येत नाही.

व्हिसा आणि तिकिटं

भारतीय पासपोर्टावर शेंगेन व्हिसा लागतो. फ्रान्स-व्हिसाच्या संकेतस्थळावर अर्ज भरायचा, मग मुंबई किंवा पुण्याच्या व्हीएफएस केंद्रात कागद आणि बोटांचे ठसे द्यायचे. प्रवासाच्या सहा महिने आधीपासून अर्ज करता येतो. उन्हाळ्याच्या दिवसांत केंद्रावरच्या वेळा पटापट भरतात, म्हणून किमान दोन-तीन महिने हाताशी ठेवा. शुल्क ९० युरो, शिवाय केंद्राचा आकार वेगळा. किमान ३०,००० युरोंचं संरक्षण असलेला प्रवास विमा, मुक्कामांची आरक्षणं, बँकेची विवरणपत्रं आणि नोकरीचं किंवा धंद्याचं पत्र लागतं. शेतकरी असाल तर सातबारा आणि आयकर विवरणपत्र इंग्रजी भाषांतरासह जोडा. उत्पन्नाचा कागद जितका सरळ, तितकं काम सोपं.

मुंबईहून पॅरिसला थेट विमान आहे. पॅरिसहून बोर्दोला पुन्हा विमान करू नका. मोंपारनास स्थानकातून सुटणारी वेगवान टीजीव्ही गाडी २०१७ पासून साधारण दोन तासांत बोर्दोच्या सें-जाँ स्थानकात पोहोचते. पॅरिसच्या शार्ल द गोल विमानतळावरून आरईआर बी या लोकल गाडीनं दाँफेर-रोशरोपर्यंत यायचं आणि तिथे मेट्रो ४ किंवा ६ पकडायची, ती मोंपारनासला नेते. सामान घेऊन या सगळ्याला दीड तास तरी धरा. विमान उतरणं आणि गाडी सुटणं यांत चार तास ठेवले तर जीव घाबरत नाही. टीजीव्हीची तिकिटं दोन-तीन महिने आधी काढली तर अगदी स्वस्त मिळतात, ऐनवेळी काढली तर तीच तिप्पट होतात.

शहरात दोन दिवस

मुक्काम स्थानकाजवळ किंवा जुन्या शहरात घ्या. स्थानकासमोरून सी लाईनची ट्राम थेट गारोन नदीच्या काठानं जाते. जुन्या शहरात ट्रामला वरून तारा नाहीत, वीज रुळांच्या मधल्या पट्टीतून मिळते. त्यामुळे अठराव्या शतकातल्या पिवळसर दगडी इमारती आहेत तशा, मोकळ्या दिसतात.

पहिल्या संध्याकाळी प्लास द ला बुर्सला जा. त्या चौकासमोर २००६ पासून पाण्याचा आरसा आहे. काळ्या ग्रॅनाइटवर जेमतेम दोन सेंटिमीटर पाणी असतं आणि त्यात अख्खी इमारत उलटी उतरते. थोड्या वेळानं पाणी ओसरतं आणि जमिनीतून धुकं उठतं. चपला हातात घेऊन लहान मुलांबरोबर त्यात चालून या. हिवाळ्यात तो बंद असतो.

मग नदीकडे नीट बघा. पाणी चहासारखं गढूळ आणि दिवसातून दोनदा उलटं वाहतं. समुद्र इथून बराच दूर असला तरी भरती शहराच्या पार वरपर्यंत येते. नदीच्या चंद्रकोरीसारख्या वळणामुळे या बंदराला 'चंद्राचं बंदर' म्हणतात आणि २००७ पासून ते जागतिक वारसा आहे. ११५२ मध्ये या मुलखाची मालकीण, आक्विटेनची एलिनॉर हिनं हेन्री प्लांटाजेनेटशी लग्न केलं, दोन वर्षांत तो इंग्लंडचा राजा झाला आणि १४५३ पर्यंत, म्हणजे तीनशे वर्षं, हा मुलूख इंग्रजांकडे राहिला. इथली वाईन जहाजांत भरून तिकडे जायची. इंग्रज आजही बोर्दोच्या लाल वाईनला 'क्लॅरेट' म्हणतात ते तेव्हापासून. अठराव्या शतकातली दगडी श्रीमंती मात्र साखर, कॉफी आणि गुलामांच्या व्यापारातून आली. आक्विटेन संग्रहालयात त्यावर वेगळी दालनं आहेत. ती चुकवू नका. त्यानंतर त्याच इमारतींकडे तुम्ही वेगळ्या नजरेनं बघाल.

दुसरा दिवस सिते द्यू व्हँसाठी. २०१६ साली उघडलेलं हे वाईनचं संग्रहालय आहे, बी लाईनच्या ट्रामनं जायचं. तिकीट वीसेक युरोंचं, त्यात आठव्या मजल्यावरचा एक पेला धरलेला असतो. वाईन न घेणाऱ्यांना द्राक्षरस मिळतो. तीन तास सहज जातात. मळे पाहण्याआधी इथे आलात तर पुढे वाटाड्या काय सांगतो ते पटकन कळतं.

सेंत-एमिलियों: एक पूर्ण दिवस

सें-जाँहून गाडीनं पाऊण तासाच्या आत सेंत-एमिलियों येतं. स्थानक गावाबाहेर, मळ्यांच्या मधोमध आहे. गावापर्यंत वीस मिनिटं चालत जावं लागतं आणि ही चाल म्हणजे त्या दिवसातला उत्तम भाग. परतीच्या गाड्यांच्या वेळांचा फोटो सकाळीच काढून ठेवा. गाड्या मोजक्या आहेत. मी एक चुकवली आणि पुढचीची वाट बघत फलाटावर अंधार पडेपर्यंत बसलो.

वाटेत थांबून वेलींशेजारी उभे राहा. आपल्याकडे वेल मांडवावर किंवा 'वाय' आकाराच्या आधारावर चढलेली, माणूस खालून चालतो. इथे ती कमरेएवढीच. आपण नऊ बाय पाच फुटांवर लावतो, इथे ओळी आणि वेली इतक्या दाट की बोर्दोच्या उत्तरेकडच्या मेदोक पट्ट्यातल्या जुन्या मळ्यांत हेक्टरी दहा हजारांपर्यंत वेली असतात. ठिबकची नळी कुठेच नाही, कारण मान्यताप्राप्त वाईनच्या मळ्यांना साधारणपणे पाणी द्यायला बंदी आहे. मुळांनी खोल जाऊन आपलं पाणी शोधायचं. ओळीच्या टोकाला गुलाबाचं झाड दिसेल. भुरी हा बुरशीचा रोग गुलाबावर आधी दिसतो, म्हणून जुने लोक तो लावत.

गाव चुनखडीच्या टेकडीवर आहे. आठव्या शतकात एमिलियों नावाचा एक ब्रिटनी प्रांतातला संन्यासी इथल्या गुहेत राहिला, त्यावरून गावाचं नाव. त्याच्यामागे अकराव्या-बाराव्या शतकांत लोकांनी त्या टेकडीच्या पोटात अख्खं चर्च कोरलं. सुमारे ३८ मीटर लांब, बारा मीटर उंच, सगळं एका खडकात. वेरूळ पाहिलेल्या माणसाला वाटेल की आपल्याला हे नवं नाही. तरी जा. आत गारवा, ओल आणि अंधार. वर उभ्या असलेल्या घंटाघराचा भार या कोरलेल्या खांबांवर आहे आणि ओल लागून खडक मऊ झाल्यामुळे काही खांबांना लोखंडी पट्ट्यांनी आवळून धरलंय. आत फक्त मार्गदर्शकाबरोबर सोडतात. गावात पोहोचल्या पोहोचल्या पर्यटन कार्यालयात वेळ घ्या, मग बाकीचं बघा. घंटाघराच्या १९६ पायऱ्या चढल्या की चारी बाजूंना फक्त मळे. १९९९ मध्ये द्राक्षमळ्यांचा प्रदेश म्हणून जागतिक वारसा यादीत गेलेलं हे जगातलं पहिलं ठिकाण, ते का, हे तिथून एका नजरेत कळतं.

गल्ल्या उभ्या चढाच्या आणि गुळगुळीत गोट्यांच्या आहेत. पकड असलेले बूट घाला. आई-वडील बरोबर असतील तर हात धरा, विशेषतः पावसात. जाताना इथले बदामाचे माकारों घ्या. उर्सुलिन जोगिणींनी १६२० च्या सुमारास हे बनवायला सुरुवात केली. दिसायला साधे, चवीला आपल्या नानकटाईपेक्षा ओलसर. त्यात अंड्याचा पांढरा भाग असतो, न खाणाऱ्यांनी लक्षात ठेवावं.

मेदोक: जिथे 'बोर्डो' जन्मलं

मेदोक म्हणजे बोर्दोच्या उत्तरेला, जिरोंद खाडीच्या डाव्या काठचा पट्टा. मार्गो, सें-जुलियें, पोयाक, सेंतेस्तेफ ही नावं वाईनच्या बाटल्यांवर वाचलेली असतील. पूर्वी इथे दलदल होती, सतराव्या शतकात हॉलंडच्या अभियंत्यांनी चर खणून ती सुकवली. खाली राहिली नदीनं वाहून आणलेली गोटेरी वाळू. मळ्यात वाकून एक गोटा हातात घ्या. दुपारचं ऊन त्यात संध्याकाळपर्यंत राहतं आणि पाणी मात्र क्षणभर थांबत नाही. काबरने सोव्हिन्यों ही उशिरा पिकणारी जात इथे याच उबेवर पिकते. सेंत-एमिलियोंच्या गार चुनखडीवर आणि चिकणमातीवर लवकर पिकणारी मेर्लो. ज्या मळ्यातून नदी दिसते तो मळा चांगला, अशी मेदोकची म्हण आहे.

१८५५ च्या पॅरिस प्रदर्शनासाठी तिसऱ्या नेपोलियनच्या सांगण्यावरून इथल्या वाईनची प्रतवारी लावली गेली. दलालांनी ती बाजारात मिळणाऱ्या भावावरून लावली आणि ती आजवर जवळजवळ तशीच आहे. पहिल्या पंक्तीत मोठा बदल एकच झाला, १९७३ मध्ये मुतों-रोथशिल्ड हा मळा वर गेला. या पहिल्या पंक्तीच्या मळ्यांच्या वाड्यांत सहज जाता येत नाही. आग्रह धरू नका. मधल्या आणि लहान मळ्यांना दोन-तीन आठवडे आधी ई-मेल करा, 'आमचीही द्राक्षबाग आहे' असं एक वाक्य घाला. मला एका ठिकाणी तासाची भेट अडीच तासांची झाली ती त्या एका वाक्यामुळे. वेळ न घेता गेलात तर फाटकातूनच परत याल. रविवारी पुष्कळ ठिकाणी कुलूप असतं.

आता ती गोष्ट. एकोणिसाव्या शतकात फिलोक्सेरा किड्यानं फ्रान्सच्या वेलींची मुळं खाल्ली. उपाय म्हणून अमेरिकेतले खुंट आणून त्यांवर कलमं बांधली, आपण डॉगरीज खुंटावर बांधतो तशीच. त्या अमेरिकन वेलींबरोबर डावणी हा बुरशीचा रोग आला, त्याला आपल्याकडे केवडाही म्हणतात. पानं गळून मळे ओस पडायला लागले. १८८२ च्या शरदात मियार्दे नावाचे वनस्पतीशास्त्राचे प्राध्यापक सें-जुलियेंमधून चालले होते. रस्त्याच्या कडेच्या वेलींची पानं शाबूत आणि आतल्या गळालेल्या, असं त्यांनी पाहिलं. येणारे-जाणारे घड तोडतात म्हणून मळेवाले कडेच्या वेलींवर मोरचूद आणि चुना शिंपडत. निळे डाग बघून चोर घाबरावा, एवढाच हेतू. मियार्देंनी त्यावर प्रयोग केले आणि १८८५ मध्ये प्रमाण जाहीर केलं. चोरासाठी केलेला निळा शिडकावा असा निफाडपर्यंत पोहोचला. सें-जुलियेंच्या त्या रस्त्याच्या कडेला मी उभा राहिलो तेव्हा खांबाच्या बुडाशी निळसर डाग दिसले. बोटानं पुसून बघितले. आमच्या खांबांवर असतात तसेच.

जायचं कसं? सें-जाँहून मेदोकची लहान गाडी मार्गो आणि पुढे पोयाकला नेते. फेऱ्या कमी आहेत, म्हणून एका दिवसात एकच गाव आणि दोनच मळे ठेवा. पोयाकला उतरलात तर नदीकाठचं पर्यटन कार्यालय भेटी जमवून देतं. चार जण असाल तर चालकासह गाडी परवडते. स्वतः गाडी चालवायची असेल तर त्या दिवशी पिऊ नका. रक्तात लिटरमागे अर्धा ग्रॅम ही मर्यादा आहे, दोन मळ्यांतच ती ओलांडली जाते.

गोड वाईन आवडत असेल तर दक्षिणेला सोतर्न आहे. सिरों या थंड ओढ्यामुळे तिथे शरदात सकाळी धुकं पडतं, एक बुरशी द्राक्षं सुरकुतवते आणि साखर दाट होते. आपण आयुष्यभर बुरशीशी भांडतो, तिथे तिची वाट बघतात. गाडीची सोय असेल तरच जा.

चाखताना

पेल्यात घोटभरच ओततात. आधी वास घ्या, पेला फिरवा, पुन्हा वास घ्या, मग तोंडात घोळवा. शेजारच्या भांड्यात थुंकणं हा तिथे अपमान नाही, शहाणपण समजतात. उपाशीपोटी जाऊ नका. तळघरात ओकची पिंपं बघाल तेव्हा एक आकडा डोक्यात ठेवा: पिंप २२५ लिटरचं, म्हणजे तीनशे बाटल्या. पिंपांवर किती खर्च होतो ते विचारा. बाटलीच्या भावाचा उलगडा होतो. आणि जिथे जाल तिथे आधी 'बोंजूर' म्हणा. दुकानात, बसमध्ये, तळघरात. त्याशिवाय पहिला प्रश्न विचारला की समोरचा माणूस आखडतो.

आर्काशों: दोन दिवस, एक रात्र

सें-जाँहून आर्काशोंला तासाच्या आत गाडी पोहोचते. वाटेत दोन्ही बाजूंना पाइन वृक्षांचं जंगल लागतं. ते बरंचसं माणसानं लावलेलं आहे. एकोणिसाव्या शतकापर्यंत ही ओसाड दलदल होती, मेंढपाळ उंच काठ्यांवर चढून चालत. आता हे जंगल समुद्राचा वारा अडवतं आणि मेदोकच्या वेली त्याच्या आडोशाला उभ्या आहेत.

पहिल्या दिवशी ड्यून द्यू पिला. युरोपातला सर्वांत उंच वाळूचा डोंगर, सुमारे शंभर मीटर उंच आणि पावणेतीन किलोमीटरच्या आसपास लांब. स्थानकाहून बस जाते. पर्यटनाच्या महिन्यांत वर चढायला जिना लावतात, पण मी वाळूतून चढलो आणि दोन पावलं टाकून एक घसरत राहिलो. वर गेलात की एका बाजूला समुद्र आणि आर्गँचा वाळूचा बेट-पट्टा, दुसऱ्या बाजूला खाली जंगल. वाऱ्यानं हा डोंगर दरवर्षी काही मीटर आत सरकतो आणि झाडं गिळतो. जुलै २०२२ च्या मोठ्या वणव्यात पायथ्याशी जंगल जळालं, त्याच्या खुणा दिसतात. म्हणून विडी-सिगारेट, काडी, काही नाही. सूर्यास्ताच्या दीड तास आधी चढा. दुपारी वाळू पाय भाजते.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिएर धक्क्यावरून होडीनं पलीकडे काप फेरेला. अर्धा तास लागतो. निघण्याआधी भरती-ओहोटीचं वेळापत्रक बघा, कारण ओहोटीला या खाडीतलं बहुतेक पाणी निघून जातं आणि चिखल, शेवाळ, कालवांच्या खाटा उघड्या पडतात. दोन्ही बघायला मिळतील अशी वेळ साधा. एर्ब आणि कानों या कोळीवाड्यांत रंगीत लाकडी खोपटी आहेत, त्यांच्या दाराशी बसून कालवं खाता येतात. लिंबू, पाव, लोणी आणि पांढऱ्या वाईनचा पेला. कोकणात खडकावरची कालवं फोडून खाल्लेल्यांना ओळख पटेल, फक्त इथे ती कच्ची आणि जिवंत असतात. पोट हळवं असेल तर दोनावर थांबा.

खोपट्यांमागे पांढरी कौलं रचलेली दिसली तर हात लावून बघा. कालवाची पिल्लं चिकटावीत म्हणून कौलांना चुना फासून ती समुद्रात ठेवतात. पिल्लं धरली की चुन्यासकट खरवडून काढतात. खाण्याजोगं व्हायला तीनेक वर्षं लागतात. मळ्यात चुना, समुद्रात चुना.

समुद्रात उतरण्याआधी

खाडीच्या आत पाणी शांत असतं. काप फेरेची बाहेरची बाजू आणि लाकानोसारखे उघडे किनारे मात्र वेगळे. तिथे वाळूत 'बाइन' नावाची तळी तयार होतात. दिसायला मुलांना खेळायला सोडावं इतकी शांत, पण पाणी फिरलं की ते सगळं एका अरुंद वाटेनं समुद्राकडे धावतं आणि माणसाला घेऊन जातं. जीवरक्षकांनी झेंडे लावलेल्या टापूतच उतरा, लाल झेंडा असेल तर अजिबात नाही. ओढ लागलीच तर किनाऱ्याकडे पोहण्यासाठी झुंजू नका. अंग सैल सोडून तरंगा, हात वर करा आणि ओढ संपली की बाजूनं या. उन्हाळा सोडून जीवरक्षक नसतात, तेव्हा पाय भिजवण्यावर समाधान माना.

खाणं

जेवणाची वेळ दुपारी बारा ते दोन, रात्री साडेसातनंतर. मध्येच भूक लागली तर बेकरी. शाकाहाऱ्यांनी नुसतं 'व्हेजेतारियें' म्हणून थांबू नये, 'सां व्हियांद, सां प्वासों' म्हणजे मांस नको, मासे नको, असं स्पष्ट सांगावं. सॅलडमध्ये डुकराच्या मांसाचे तुकडे गुपचूप येतात. चीजमध्ये प्राण्यांचं रेनेट, म्हणजे दूध गोठवणारं द्रव्य, असू शकतं, कडक पाळणाऱ्यांनी विचारून घ्यावं. काप्युसँच्या बाजारात फळं, पाव, ऑलिव्ह घेऊन नदीकाठी बसणं सर्वांत स्वस्त आणि छान. कानले ही तांब्याच्या साच्यात भाजलेली छोटी काळपट मिठाई जरूर खा, बाहेर कुरकुरीत, आत खरवसासारखी मऊ. अंडं आणि रम दोन्ही असतात. रविवार-सोमवारी बऱ्याच खानावळी बंद, शनिवारी सामान भरून ठेवा.

परतताना

भारतात माणशी दोन लिटर मद्य करमुक्त आणता येतं. बाटली ७५० मिलिलिटरची, म्हणजे दोनच. तिसरी घेतली की हिशोब सव्वादोन लिटरवर जातो. बाटल्या चेक-इन सामानात, जाड कपड्यांत गुंडाळून, बॅगेच्या मधोमध. एका दुकानात शंभर युरोंहून जास्त खरेदी झाली तर करपरताव्याचा कागद मागा आणि पॅरिसच्या विमानतळावर सामान देण्याआधी तो यंत्रावर दाखवा. सामान गेल्यावर वस्तू बघायला मागितल्या तर दाखवता येत नाहीत. मळ्यातली काडी, मुळं किंवा माती मात्र आणू नका, कितीही मोह झाला तरी. मी सें-जुलियेंच्या रस्त्यावर उचललेला गोटा तिथेच, त्या वेलीच्या बुडाशी ठेवून आलो.